तिसरी चमक

२१ जाने., नालवाडी
कृष्णविवराभोवतून येणारे क्ष-किरण एकदम वाढले. एकदा नाही, तीनदा. उपग्रहाच्या नोंदीत स्वच्छ दिसतंय. माझ्या मार्गदर्शक सरांना कळवायच्या आधी गावी, आंजीला, बाबांना फोन केला. जीभ आवरलीच नाही.

२३ जाने.
बाबा बोरं घेऊन आले. मोबाइलमध्ये फ्लेक्सचा फोटो, 'आंजीच्या लेकीचा अंतराळात शोध'. खाली मी, दहावीतली, दोन वेण्या. सव्वीसला झेंडावंदन झालं की शाळेत सत्कार. झालं!
"पण मले सांग, ते उजेडबी गिळते म्हणतेस. मंग चमकते कसं?"
"ते नाई चमकत बाबा. त्याच्यात पडाच्या आधी वायू भोवताल गरगर फिरते, घासून घासून तापते. तेच चमकते."
"म्हंजे गिळाच्या आधीची बोंबाबोंब."
मी खूप हसले. तसंच आहे ते.

२४ जाने.
उपग्रह ब्राझीलजवळच्या समुद्रावरून जातो तेव्हा त्याच्यावर भारित कणांचा मारा होतो आणि नसलेलाच उजेड यंत्र मोजतं. नोंदीतला तेवढा भाग गाळायचा असतो. नवीन पोरंही गाळतात. मी आनंदाच्या भरात विसरले.
आज गाळला. पहिली चमक गेली. दुसरीही. तिसरी उरली, पण गाळलेल्या भागाच्या अगदी काठावर. सरांना सगळं तपासायला पाठवलं.

२५ जाने.
बाबांना फोन. सत्कार राहू द्या म्हटलं.
"काऊन?"
सांगितलं.
"एक तं राह्यली नं?"
"तेबी खोटी निघू शकते."
"पोट्टे मंडप टाकून राह्यले. तू येजो." फोन बंद. रागावले का, कळेना. स्वतःची लाज वाटते.

२६ जाने., आंजी
झेंडा, भाषणं, शाल, नारळ. माइक हातात आला. सांगून टाकलं. दोन चमका चुकीच्या होत्या, तिसरीचं अजून नक्की नाही. चुळबुळ. मागून कोणीतरी, "मंग सत्कार कायचा?"
बाबा उठले. माझ्या खांद्यावरची शाल काढली, घडी घातली, सरपंचबाईंच्या हातात दिली. "तुमच्यापाशी ठेवा. पक्कं झालं का न्याले येतो." मग मला, "चाल, जेवाले."
जेवताना सरांचा मेसेज आला. 'तिसरी मलाही दिसतेय. पण थांब, पुन्हा तपासू.'
बाबा समोरच बसून भाकर मोडत होते. मी फोन पालथा ठेवला. पक्कं झालं की सांगेन.