मंडळाचे प्रमुख पाहुणे

मॉरिसव्हिल, ११ ऑगस्ट २०२५

ती. सुनेत्रामावशीस,
सा. न. वि. वि.

फोनची भीती वाटते म्हणून कागदावर लिहितेय, हसू नकोस. तुझ्या नकुलचं घर मस्त आहे, पण आम्ही पडदे उघडत नाही.

तुला अर्धंच सांगितलं होतं. तुझ्या जावयाच्या, तुमेलोच्या देशात मोर्च्यावर गोळीबार झाला. कुणीच मेलं नाही असं त्याने वॉशिंग्टनमध्ये जाहीर करावं, अशी ऑर्डर आली. थर्ड सेक्रेटरीपासून उपराजदूत होईपर्यंत हा सांगतील ते बोलला, या वेळी मात्र नाही म्हणाला. लगेच मायदेशी परत बोलावलं. तिकडे न जाता आम्ही इथे लपायला निघून आलो. सासूबाई तिकडे एकट्या आहेत. हा सापडला की याला नमवायला त्यांना धरतील. प्लीज, कुणाला बोलू नकोस.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी स्वानंदी

नेपरव्हिल, १८ ऑगस्ट

चि. स्वानंदीस अनेक आशीर्वाद.

मी कुण्णाला बोलणार नाही गं. फक्त तुमच्या तिथल्या मंडळाच्या रीमाला म्हटलं, ती आपलीच आहे. गणपतीला प्रमुख पाहुणा मिळेना त्यांना, मागच्या वर्षी म्हणे डेंटिस्ट आणलेला! म्हटलं, एवढा मोठा माणूस कोंडून बसलाय, शाल-श्रीफळ मिळालं तर जिवाला बरं वाटेल. गोळीबाराबद्दल एक अक्षरही काढलं नाही. जावईबापूंना सांग, भाषण छोटं करा, लोकांना भूक लागते.

दोघांना जपणारी,
मावशी

मॉरिसव्हिल, १ सप्टेंबर

ती. मावशीस,
सा. न.

तुझ्या पत्राआधी फ्लायर पोचला. फेसबुकवर तुमेलोचा फोटो, नाव, हॉलचा पत्ता. रीमाकाकूंना काढायला लावला, पण तोवर एम्बसीतून याला मेसेज आला होता: कार्यक्रमाला जरूर जा, आईंची आम्ही काळजी घेतोय.

शनिवारी गेलो. मागच्या रांगेत याच्याच हाताखाली शिकलेला एक ऑफिसर फोन धरून बसला होता. याने शाल घेतली, आरतीचं कौतुक केलं. मग, कुणी विचारलं नसताना, माझ्या देशात त्या दिवशी कुणीच मेलं नाही, असं म्हणाला. मावशी, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

सासूबाई सुखरूप आहेत. तिकडच्या टीव्हीवर त्यांनी भाषण पाहिलं. काल फोन त्यांनीच उचलला, माझी चौकशी केली. तुमेलोला देऊ का विचारलं, तर नको म्हणाल्या.

तुझ्यावर राग नाही. आम्हाला अंतर देऊ नकोस.
स्वानंदी