चेनवाले तीन आहेत

बाबा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, पण तुमच्या सायकलींच्या शेडमधलं नोंदींचं काम अजून माझ्याकडेच आहे. अकोल्यात लोकांनी टाकून दिलेल्या सायकली गोळा करायच्या, रविवारी जो येईल त्याने हात लावून त्या चालत्या करायच्या आणि खेड्यांतून शाळेत येणाऱ्या मुलींना द्यायच्या, हा उद्योग तुम्ही एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यावर मांडला. मी वर्तमानपत्रात, मला लिहायची सवय, म्हणून कोण येतं, कोणाला काय जमतं, कोणती सायकल कुठे गेली, हे लिहिणं माझ्या गळ्यात पडलं.

पहिल्याच रविवारी तुम्ही मला सगळ्यांसमोर झापलंत. मी नीट रकाने आखून नाव, वडिलांचं नाव, आडनाव लिहीत बसले आहे आणि तुम्ही ग्रीसचे हात फडक्याला पुसत मागे येऊन उभे राहता. "आडनाव काहून लिवून राहिली व? आडनाव दिसलं का मानूस पयले जात हुडकते. ज्याले जे येते ते लिव, फोन लिव. झालं." तेव्हापासून आपल्या यादीत कोणालाच आडनाव नाही. ब्रेकवाले चाचा, वाकड्या चाकाचा आऊट काढणारे काका, पातूरच्या मॅडम. वही जाऊन लॅपटॉप आला तेव्हा चाचांनी वाकून पाहिलं होतं. "बेटी, कम्प्यूटर में भी ब्रेकवालाच लिखा क्या? अब्बा की पक्की चेली है तू."

चेनवाले मात्र तीन आहेत. त्यांतल्या दोघांचं आपसात पटत नाही, त्यांना एका रविवारी बोलवायचं नाही, आणि तिसऱ्याचा फोन बायकोकडे असतो. यातलं काहीच यादीत नाही, ते माझ्या डोक्यात आहे. म्हणून अकोटला लग्नात जेवायला बसले तरी फोन येतो, "ताई, धारणीच्या पोरीची सायकल कोन्ती?" आणि मी हातातला घास ठेवून उठते. दर शनिवारी मी सगळ्यांना फोन लावते. सुट्टीचा दिवस कसा असतो, ते मला आठवत नाही.

यंदा आमच्या संपादकांनी मला अमरावती आवृत्तीची जबाबदारी देऊ केली. तिथे राहायला जावं लागणार. इतकी वर्षं याच खुर्चीची वाट पाहिली होती मी. रविवारी संध्याकाळपर्यंत हो-नाही कळवा, म्हणाले. मी शेडवर सांगितलं, तर बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ पुढे आले. ते पंप दुरुस्त करतात, यादीत 'पंपवाले साहेब'. मी यादीची छापील प्रत त्यांच्या हाती दिली. मनात म्हटलं, आठवडाभरात परत आणून देतील.

आज ते आले ते हसतच. सगळ्यांना फोन करून झाले होते. कोणाचं कोणाशी बिनसलंय, तेही त्यांनी काढून घेतलं होतं. "ताई, तुमच्या तिसऱ्या चेनवाल्याच्या बायकोनं मलेच दरडावलं. म्हने, तुमी कोन्ते वाले? मी म्हनलं, आता नोंदीवाला." चाचा मोठ्याने हसले. मीही हसले. "लॅपटॉपचा पासवर्ड तेवढा सांगा," साहेब म्हणाले, "अन् जा अमरावतीले बिनघोर."

पासवर्ड आठवत नाही, घरी लिहून ठेवलाय, असं मी म्हणाले. तेवढ्यात संपादकांचा फोन आला. मी शेडच्या मागे गेले, जुन्या रिमांच्या ढिगापाशी, आणि त्यांना सांगितलं की वडिलांनी सुरू केलेलं काम आहे, ते दुसऱ्या कोणाला जमत नाही, माझा नाइलाज आहे. ते म्हणाले, ठीक आहे, दुसऱ्या कोणाला विचारतो. परत आले तर साहेब माझ्यासाठी चहाचा कप धरून उभे होते.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते, बाबा. पासवर्ड मला पाठ आहे.