पिठावरचं पाऊल

४ नोव्हेंबर १९९६
आज शहापूरला हजर झालो. कराड सोडताना मित्र चिडवत होते की इन्स्पेक्टर जंगलात चालले, आता वाघाला बेड्या घालणार. वाघाचं माहीत नाही, पण इथे एक चोर आहे आणि आधीच्या दोन साहेबांना तो पुरून उरला आहे. ऐकून मन प्रसन्न झालं. माझ्या हातून आजवर एकही चोर सुटलेला नाही. क्वार्टर झकास आहे. दोन खोल्या, फोन, मागे चिंच. हवालदार देवराम इथलेच, किन्हवलीकडचे. त्यांनी घरचे तांदूळ आणून दिले. दिवाळीला जया आणि मनू येतील. मनस्वी पाच वर्षांची आहे, पण घरात आमची वरिष्ठ अधिकारी तीच.

१५ नोव्हेंबर
दिवाळी गोड झाली. मनू अंगणभर अनवाणी हुंदडली. तिच्या उजव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली आहे, माझ्या आईची होती तशी. काल दोघी कराडला परत गेल्या. मनू लाल चपला मात्र इथेच विसरली. घर खायला उठतं.
चोराची तऱ्हा न्यारी आहे. जंगलालगतची आंबेपाडा नावाची वस्ती सगळी भातझोडणीला गेली की हा भरदुपारी घरात शिरतो. नेतो काय, तर तांब्या, कोयती, एखादी घोंगडी. सोन्याला हात लावत नाही. नुकत्याच सारवलेल्या ओल्या जमिनीवरसुद्धा पाऊल उमटत नाही. आणि फिर्याद द्यायला कोणी तयार नाही. देवराम म्हणाले, थोडकं नेतंय तर नेऊ द्या साहेब. म्हणे नेऊ द्या. मग मी काय इथे भात झोडायला आलोय?

२२ नोव्हेंबर
देवरामांच्या नात्यात एक म्हातारा वारला, म्हणून भेटायला गेलो. जिथे प्राण गेला तिथे दिवा लावून तांदळाचं पीठ पसरलं होतं, वर पाटी उपडी. सकाळी पिठात कसलं पाऊल उमटलंय ते बघायचं, म्हणजे गेलेला कोणत्या जन्माला गेला ते कळतं. मी मनात टाळी वाजवली. नाशिकच्या ट्रेनिंगमध्ये हे कोणी शिकवलं नव्हतं.

२७ नोव्हेंबर
आंबेपाड्यात सावळाराम नावाच्या शेतकऱ्याच्या घरी उंबऱ्याच्या आत पीठ पसरलं. त्याची आई हौसा दारात आडवी उभी राहिली. जित्या माणसाच्या घरात पीठ मांडत नाहीत, असं तिचं म्हणणं. मी तिला हाताला धरून बाजूला केली.
दुपारी एक पितळी तांब्या गेला आणि पाऊल आलं. स्वच्छ, टाचेच्या भेगांसकट. ते सावळारामचंच निघालं. तो दुपारभर माझ्या डोळ्यांसमोर खळ्यावर होता, तरी पाऊल खोटं कसं बोलेल? पीठ पुरावा म्हणून झाडून घेतलं आणि त्याला रात्रीपर्यंत ठाण्यात बसवला.

१ डिसेंबर
सावळारामचे पाय गार पडलेत, उभं राहता येत नाही असा निरोप आला. नाटकं. सगळे चोर असेच करतात.

५ डिसेंबर
सावळाराम गेला. दवाखान्यात कुणाला काही कळलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी. आज जेवण गेलं नाही, स्वतःचीच लाज वाटते.
हौसा फाटकाशी आली होती. रडली नाही. म्हणाली, "सायब, त्या चोराला पाय नायत. म्हणून कदी पाऊल उमटलं नाय. आमी मागितलंबी नाय. तुमी चोराकडं पाऊल मागितलंत. तो चोरूनच आणील ना."

८ डिसेंबर
आज माझ्या घरातून मनूची एक लाल चप्पल गेली. माझ्या घरातून! आता एक तर तो, नाहीतर मी. देवरामांनी हात जोडले, पीठ आणायला नकार दिला. त्यांनीच दिलेले तांदूळ मी गिरणीतून दळून आणले. ते पीठ उंबऱ्याच्या आत पसरलं. बूट काढत नाही, झोपतोही बुटातच. चाहूल लागली की उठायचं आणि मानगूट धरायची.

१० डिसेंबर
पाऊल आलं.
एवढंसं. करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली.
मनू कराडला आहे. फोन केला. जया रडत होती. सकाळपासून मनूला उभं राहता येत नाही, पाय बर्फासारखे गार.
हात दाखवून अवलक्षण—

११ डिसेंबर
गारवा गुडघ्यापर्यंत चढला. डॉक्टर नुसते बघतात.
हौसाच्या पाया पडलो. तिने पाय मागे घेतले. मग माझ्या बुटांकडे बघून म्हणाली, तुमच्या घरात पीठ मांडलंत, पाऊल तुमचंच नेलं असतं. ते बुटात. मग आधी नेलेली पोरीची चप्पल हाताशी होती, तिच्यावरून पोरीचं नेलं.
उपाय सांगितला. पोरीच्या पावलावर आपलं अनवाणी पाऊल द्यायचं, मग तो पोरीचं सोडतो.
पोरीसाठी सांगते म्हणाली, तुमच्यासाठी नाय. "माझ्या सावळ्याच्या टायमाला तुमी पीठ झाडून नेलंत. नायतं मीच ठेवला असता पाय."

१२ डिसेंबर, दुपार
पीठ तसंच आहे. बूट काढून दाराशी ठेवले.
पाय ठेवला. उजवा. मग डावा. मनूचं पाऊल माझ्या पावलाखाली गेलं.
कमरेखाली काही कळत नाही. भिंतीला टेकून बसलोय. हात चालतात अजून—

फोन वाजतोय. जयाचा असणार. उठता येत नाही—

दाराशी बूट नाहीत.

टाचा वाजतायत. माझीच चाल. फोनकडे— पाठमोरा दिसतोय. इतके दिवस ज्याच्यामागे— खांदे माझ्यासारखे—

उचलला. मनूचा आवाज इथवर येतोय. ओरडून सांगतेय, पप्पा, मी चालत आले फोनपाशी.

वाचली. पोर वाचली—

तो बोलतोय तिच्याशी. माझ्या आवाजात. म्हणतोय, संध्याकाळच्या एस.टी.ने घरी येतो, मम्मीला सांग दार उघडं—

जया, तो मी नाही, त्याला घरात घेऊ न