कोऱ्हाटोल्यातला अर्धा र

प्रिय हर्षा,

दोन वर्षांनी माझं अक्षर पाहून पाकीट बाजूला ठेवावंसं वाटेल, तरी एवढं वाच.

गेल्या आठवड्यात धानोऱ्याजवळच्या कोऱ्हाटोल्याला गेलो होतो. आपल्या संस्थेचं सिकलसेल रुग्णांचं अ‍ॅप तिथल्या नर्स गिरजाबाईंच्या मोबाईलमध्ये नव्याने टाकायचं होतं. अंगणात मोहफुलं वाळत होती. बाईंनी दोन वर्षांपूर्वीचा तो दिवस पुन्हा सांगितला. गावातल्या बुधरीला सातवा महिना, अंग ठणकत होतं म्हणून आलेली. "मी गावाचं नाव टाकून राह्यली, मोबाईल म्हणे नोंद नाई." तिला सिकलसेल आहे हे बाईंना कळलंच नाही, म्हणून साधी गोळी देऊन तिला घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी गडचिरोलीला नेईपर्यंत पोटातलं बाळ गेलं होतं.

गावांच्या आणि रुग्णांच्या याद्या तू टाईप करायचीस, म्हणून नंतर संस्थेच्या बैठकीत सगळ्यांनी तुझ्याकडे पाहिलं. "मी बरोबरच लिवलं," एवढंच म्हणालीस आणि महिनाभरात नोकरी सोडून एटापल्लीला माहेरी गेलीस. मी समोरच बसलो होतो.

तू बरोबरच लिहिलं होतंस. तुझ्या कीबोर्डवर कोऱ्हाटोल्यातला ऱ्ह लिहिताना मध्ये एक न दिसणारं चिन्ह जायचं. त्यामुळेच तो अर्धा र तसा उमटायचा. तुझ्या यादीतून अ‍ॅपचा कोड आपोआप लिहिणारा प्रोग्राम माझा. न दिसणारं ते सगळं कचरा, असं समजून मी ते काढून टाकणारी ओळ त्यात घातली होती. कोऱ्हाटोल्याचा कोर्हाटोला झाला. शिवाय प्रोग्राम कोडमध्ये अक्षरांऐवजी त्यांचे आकडे लिहायचा, त्यामुळे कोड वाचूनही कुणाच्या लक्षात येईना. बाईंनी नीट लिहिलेलं गाव त्याच्याशी जुळलंच नाही. आता दोन्ही नावं आधी एका रूपात आणतो, मगच ताडून पाहतो.

निघताना बुधरी भेटली. हातातलं सूप खाली ठेवून म्हणाली, "ते यादी लिवणारी पोरगी कुठी हाय? तिले सांगजा, माह्या मनात राग नाई." मी चंद्रपूरच्या बसमध्ये चढलो.

हर्षा, ही चूक मला आता सापडलेली नाही. तू गेलीस त्याच्या तिसऱ्याच दिवशी सापडली होती. मी ती ओळ गुपचूप काढली आणि गप्प राहिलो. काल संचालकांना सगळं लेखी दिलं; प्रत सोबत आहे. नोकरीचं काय व्हायचं ते होईल. रविवारी बुधरीकडे जातोय, राग कुणावर धरायचा ते सांगायला. त्याआधी तुला कळायला हवं होतं.

तुझा म्हणवून घ्यायचा हक्क तुझ्यावर सोडून,
नागसेन