पडद्यामागची किंकाळी

कासार आंबोली, जानेवारी २००४, सोमवार संध्याकाळ

पिंके, मला लिवता येत न्हाई, म्हणून माझ्या वहीत सांगते तसंच लिही, शहाणपणा नको.

शाळेत बाईंनी ग्रीक नाटक बसवलं. त्या लोकांत म्हणे खून दाखवत न्हाईत, पडद्यामागनं नुसती किंकाळी येते. माझ्या नातवाची, विशालची किंकाळी आली, तशी मीच पयली टाळी वाजवली. पडदा सरला तर पोराचं डोकं फुटलेलं! बांधावरनं आपल्याशी भांडणाऱ्या भावकीतल्या पोरानं दांडा खराच घातला. ती किंकाळी मला कशी वळखू आली न्हाई गं?

पोराला टाके घालून घरी आणताच त्याच्या बापानं, माझ्या लेकानं, दत्तूनं कोयता उचलला.

"आई, सोड! आज तोडतोच त्यांना."

"आधी मला तोड, राजा. वाळलेली हाय, पटकन तुटंल."

आता कोयता माझ्या मांडीखाली हाय. पातं टोचतंय, पण दत्तू झोपेस्तोवर मी उठत न्हाई.