मायला फिरायला नेलं त्याची हकिकत

पांढुर्णा,
१० डिसेंबर १९८६

आदरणीय इंदूताईस धाकट्या शालिकरामचा जय भीम. भाऊजींनाही सांगावा. इकडे आम्ही सगळे बरे आहोत, तुझी कंबर आता कशी आहे ते कळवावे. (मागच्या पत्रात तू दीड पान कंबरेवर लिहिलंस आणि शेवटच्या दोन ओळींत एकवीस तारखेला मायला कायमची न्यायला येते म्हणून लिहिलंस. त्या दोन ओळींचं दुखणं मला झालं.)

तुझं म्हणणं खोटं नाही. बाबा गेल्यापासून आठ महिने माय दाराशी बसून असते. वाढलं तर जेवते, विचारलं तर हूं म्हणते. नागपुरात महाराजबाग आहे, अंबाझरी आहे, तिचं मन रमेल, असं तू लिहिलंस. ते मला लागलं. आपल्याकडे पाहण्यासारखं काहीच नाही की काय? तेव्हा रविवारी आमच्या हिने, प्रमिलाने, भाकरी आणि वांग्याची भाजी बांधली, मी नवी टेरिकॉटची पँट चढवली, आणि मायला घेऊन आम्ही पॅसेंजरने तिगावला गेलो. एकच स्टेशन, त्यामुळे तिकीटही नावापुरतंच. (नगरपालिकेच्या कारकुनाने सहल काढायची ती अशीच.)

तिगावला पहिलं प्रेक्षणीय स्थळ म्हणजे मालगाडी. घाट चढायला तिला मागून आणखी एक इंजिन लावतात, आणि ते पाहायला कोणी पैसे मागत नाही. मी मायला फलाटावर बसवून सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "एकाच्यानं ओढवत नाही म्हणून दुसरा लावला. यात काय पाहाचं?" पहिलं स्थळ तिथेच आटोपलं.

दुसरं स्थळ रघुनाथरावांची संत्र्याची बाग. त्यांचा जावई माझ्या टेबलाशेजारी बसतो, त्याने चिठ्ठी दिली होती. बागेत बसून हवी तेवढी संत्री खा, पिशवीत मात्र एकही घालायचं नाही, हा रिवाज तुला ठाऊकच आहे. पण रघुनाथराव गावाला गेलेले, आणि व्यापाऱ्याचा माणूस सुखदेव तोडणाऱ्या मजुरांची वाट पाहून कावलेला. त्याला काय दिसलं, तर पुढे पदर खोचलेली म्हातारी, मागे गाठोडं घेतलेली बाई आणि त्यांच्यामागे एक गडी. तो खेकसला, "किती उशीर करून राहिले बाप्पा? माल कवा भरायचा?" आणि टोपलं पुढे केलं. मी खिशातून चिठ्ठी काढेपर्यंत मायने टोपलं घेतलं होतं. ती झाडाखाली पोचलीसुद्धा.

पुढचं काय सांगू. प्रमिला हसत हसत तिच्यामागे गेली. मी चिठ्ठी हातात धरून उभा, तर सुखदेवने त्याच हातात पेटी दिली. दुपारपर्यंत मी नव्या पँटीत पेट्या वाहिल्या. माय गवतावर बसून संत्री निवडत होती, मोठी, मधली, बारीक. बघतही नव्हती, नुसत्या हाताच्या अंदाजाने. आणि ताई, ती बोलत होती. तू पोटात असताना नवव्या महिन्यापर्यंत याच शिवारात तिने तोडा केला, बाबा तेव्हा झाडावरून तिच्या टोपल्यात नेमकी गोड फळं टाकायचे, हे मला आजवर माहीत नव्हतं. सांगताना ती हसली. आठ महिन्यांनी हसली. मला रडू आलं, ते मी पेट्यांच्या थप्पीमागे उरकलं.

तेवढ्यात सुखदेव तिथे आला आणि मायला म्हणाला, "बुढे, बाकी ठीक आहे, पण हा कोठून उचलून आणला? याच्यानं काहीच होऊन नाही राहिलं." माय म्हणाली, "काय करता, माह्याच पोटचा आहे." संध्याकाळी त्या दोघींना पूर्ण मजुरी मिळाली आणि मला अर्धी. सहलीला जाऊन कमाई करून परतलेलं कुटुंब पांढुर्ण्यात बहुधा आमचंच असेल.

भाऊजींना नमस्कार, मुलांना गोड पापा.

तुझा,
शालिकराम

ता. क. – वर इतकं लिहिलं, पण खरी गोष्ट राहूनच गेली. ताई, तिला नेऊ नकोस. मी ऑफिसातून येतो तेव्हा ती दाराशी दिसते. बोलत नाही, पण दिसते. बाबा गेल्यावर मला तेवढाच आधार आहे, हे मी तुला तोंडाने सांगू शकलो नसतो.

आणखी ता. क. (१७ डिसेंबर) – पत्र टाकायचं राहिलं होतं, ते रविवारी मायला वाचून दाखवलं. तिने सगळं ऐकून घेतलं. सोमवारपासून ती रोज सुखदेवच्या टोळीत जाते आहे, मी नको म्हटलं तर ऐकत नाही. काल दाराशी मीच बसलो होतो. तुझ्यासाठी तिने निरोप दिला आहे, तो तिच्याच शब्दांत लिहितो: "इंदूले म्हणा, येजो. पण मी सकाळच्या गाडीनं निघून जातो, संध्याकाळशिवाय काही भेटत नाही."