मांडवासाठी सपाट केलेलं परडं

येळ्ळूर, माघ वद्य पंचमी, शके १८५९

तीर्थस्वरूप दाजींच्या सेवेशी मष्णूचा शिरसाष्टांग नमस्कार. आक्काचे गुडघे आणि आपला आवाज, दोन्ही निपाणीच्या हवेला ठणठणीत असावेत. इकडे सारे खुशाल. मीही खुशाल, म्हणजे घरात पुन्हा माझ्याशी बोलतात.

घरामागचं आमचं उताराचं परडं आपण ओळखताच. धाकट्याच्या बारशाला वरच्या पंगतीची आमटी खालच्या पंगतीनं जेवली होती (आपण खालच्या पंगतीत होता, तेव्हा आपली तक्रार नसावी). तेच ध्यानात ठेवून अंजनीचे होणारे सासरे, उचगावचे आण्णाप्पा, म्हणाले, "लगीन आमच्याच दारात करू या की." थोरल्या लेकीचा मांडव दुसऱ्याच्या दारात? अंजनीची आई मनुबाई तेव्हापासून भाकऱ्या अशा थापायला लागली की शेजारी दचकावेत. म्हणून उताराच्या टोकाला माती अडवायला पुरुषभर उंच दगडी ताल बांधला आणि त्याच्या आत गाड्यांवर गाड्या तांबडी माती लोटली. उरलं ते धुमस मारून दाबणं. सुगीत गडी मिळेनात. तेवढ्यात मला (दुर्दैवानं) सुचलं की तालमीचं छप्पर दुरुस्तीला उतरवलंय, पैलवान मोकळे आहेत. रोज पहाटे माझ्या परड्यात एकमेकांना आपटू देत, माती आपोआप दबेल. भरमू वस्तादांना लगेच पटलं. इतक्या लगेच पटलं तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

पोरं आली ती कुदळी-फावडी घेऊन. मनुबाई दारातून ओरडली, "अवो, ह्येनी दाबालेत का उकरालेत?" वस्ताद शांतपणे म्हणाले, "वैनी, माती मऊ न्हाय केली तर पोरांची हाडं मोडत्यात की!" मग तीत ताक ओतलं (आमचंच), तेल ओतलं, हळद कालवली आणि तालाच्या कोनाड्यात मारुती बसवला. आता मारुतीला ऊठ कोण म्हणणार?

नेमके तेव्हाच आण्णाप्पा मांडवाची जागा बघायला आले. मी दाराआड. त्यांनी ती ढोपरभर मऊ माती पाहिली, चिमूटभर कपाळाला लावली, आणि धोतर खोचून थेट आत उतरले. घामाघूम होऊन वर आले ते म्हणतच, "पंगत गल्लीत बसवा, पर लगीन हितंच!" भाकऱ्यांचा आवाज त्या दिवसापासून बंद आहे.

लोभ आहेच, तो वैशाखातल्या लग्नापर्यंत तरी टिकावा.

आपला मेहुणा,
मष्णू

ता. क. व्याह्यांची एवढीच अट आहे: हळदीच्या दिवशी मुलीकडच्या एका वडीलधाऱ्यानं त्यांच्याशी कुस्ती धरायची, नाहीतर लग्न उचगावला. आपण आजवर दर जेवणाला आपल्या जुन्या कुस्त्या सांगत आलात, त्यामुळं दुसरं नाव सुचलंच नाही. कळवून टाकलंय. लंगोट घेऊन यावे.

आणखी ता. क. जिवाला घोर लावून घेऊ नये. माती अजून दबलेली नाही.